एकच मॅच खेळलेल्या पिचरचं रेकॉर्ड कसं वाचायचं

मावसभाऊ बोटीवर असतो, यंदा सुट्टीला फोंड्याला आला तो ह्यूस्टनची टोपी घालूनच, आणि पाऊस काय थांबेना म्हणून आम्ही दोघं अमेरिकेतल्या बेसबॉलच्या जुन्या पिचरांची, म्हणजे त्यांच्या बॉलरांची, रेकॉर्डं चाळत बसलो. आपण क्रिकेटवाले, त्यामुळे फसतो कुठे ते सांगतो.

आधी आयपी बघा, म्हणजे किती इनिंग्ज टाकल्या. १.१ दिसलं की आपल्या डोक्यात एक ओव्हर एक बॉल येतं, पण तिथे पॉइंटनंतर आउट मोजतात आणि तीन आउटला इनिंग संपते, म्हणून १.१ म्हणजे एकूण चार आउट. .३ कधीच दिसणार नाही.

मग ईआरए, म्हणजे नऊ इनिंग्जमागे सरासरी किती अर्न्ड रन दिले. अर्न्ड रन गुणिले ९, भागिले इनिंग्ज. फिल्डरच्या चुकीने गेलेले रन यात धरत नाहीत, बिचाऱ्या बॉलरला आपल्याकडे ही सवलत कुठली! १.१ इनिंगमध्ये दोन रन दिले तर ईआरए १३.५०, कॅल्क्युलेटरवर सरळ १.१ मारलंत तर १६ च्या वर येईल, ते चूक. एवढ्याशा इनिंगवर १३.५० बघून माणूस टाकाऊ होता असं ठरवू नका, एक खराब संध्याकाळ आहे ती. क्लीव्हलँडचा डॉक हॅमन १९२२ मध्ये एकदाच खेळला, सात बॅटर आले, एकही आउट नाही, सहा अर्न्ड रन. शून्याने भागायचं कसं, म्हणून तिथे अनंताची खूण असते.

आता गंमत. मॅच १ आणि बाकी सगळीकडे शून्य दिसलं तर टायपिंगची चूक समजू नका. लॅरी यौंट, ह्यूस्टन ॲस्ट्रोज, वय २१, १५ सप्टेंबर १९७१. नवव्या इनिंगला त्याचं नाव पुकारलं, तो माउंडवर, म्हणजे बॉल टाकायच्या उंचवट्यावर गेला, वॉर्मअपचे बॉल टाकतानाच कोपर दुखायला लागलं आणि परत आत. नाव पुकारलं की निदान एका बॅटरला तरी टाकावंच लागायचं असा तेव्हा नियम होता, पण दुखापत झाली तर सूट होती, आणि मॅच मात्र नावावर लागली. तो परत कधी मेजरमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आला नाही. धाकटा भाऊ रॉबिन मात्र मिल्वॉकीकडून २० सीझन खेळला, ३१४२ हिट्स. मावसभावाने हे वाचून टोपी काढून टेबलावर ठेवली, मी काय बोललो नाही.

तारीखपण बघा हां. सप्टेंबरमध्ये तेव्हा टीमला २५ च्या जागी ४० जणांपर्यंत घेता यायचे, म्हणून असली एका दिवसाची करिअर्स बरीचशी त्याच महिन्यातली. आणि खाली मायनर लीगचं, म्हणजे खालच्या पातळीवरच्या मॅचचं, टेबल असतं ते उघडल्याशिवाय पान बंद करू नका, यौंट १९७१ नंतरही तिथे बॉल टाकतच होता.