दात चकाचक झाले, दाढ तशीच राहिली

परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून डिग्री घेऊन पुण्यात जनावरांच्या एका दवाखान्यात लागलो, तेव्हा दातांचं काम म्हणजे स्केलर, म्हणजे दात खरवडायचं यंत्र, फिरवायचा, दातांवरचा कडक थर, म्हणजे कीटण, पाडायचं, पॉलिश करायचं, एवढंच मला ठाऊक होतं. इंटर्नशिपमध्ये दातांची एकही केस वाट्याला आली नव्हती.

तिसऱ्याच महिन्यात एक आजी नऊ वर्षांची पॉमेरेनियन घेऊन आल्या. "तोंडाला इतका वास येतो की जवळ घेववत नाही हो." मी भूल दिली, श्वासनलिकेत नळी घातली, तासभर स्केलिंग केलं. दात मोत्यासारखे झाले. आजी खूश, मीही खूश.

तीन आठवड्यांनी कुत्रीच्या डाव्या डोळ्याखाली सूज. काहीतरी चावलं असेल म्हणून मी अँटिबायोटिक दिलं. पाच दिवसांत सूज उतरली. गोळ्या संपल्यावर पुन्हा आली आणि फुटून पू वाहू लागला. आमच्या सीनियर मॅडमनी डोळ्याकडे पाहिलंही नाही. ओठ वर केला आणि विचारलं, "हिचा दातांचा एक्स-रे कुठाय?" मी काढलाच नव्हता. काढला तेव्हा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळांच्या टोकांशी काळी वर्तुळं दिसली, म्हणजे तिथलं हाड संसर्गानं झिजलं होतं. प्रोब, म्हणजे दात आणि हिरडीमधली खोली मोजायची खुणांची बारीक सळई, मागच्या मुळाशी सात मिलिमीटर आत गेला.

हे नीट समजून घ्या, कारण मी इथेच चुकलो. दाढेचा निम्म्याहून जास्त भाग हिरडीखाली असतो आणि स्केलरनं चकाकतो तो फक्त वरचा. कुत्र्याचे ४२ दात, मांजराचे ३०. प्रत्येक दाताभोवती प्रोब फिरवायचा, एका जागी टोचून सोडायचा नाही. कुत्र्यात साधारण तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, मांजरात एकाच्या पुढे गेला की थांबा. आकडा लगेच चार्टवर लिहून घ्या, लक्षात राहील या भरवशावर राहू नका. वरची ती मोठी दाढ, म्हणजे चौथी प्रीमोलर, चार्टवर उजवीकडची १०८ आणि डावीकडची २०८, आधी बघा. तिच्यासमोरच लाळेची नळी उघडते, म्हणून कीटण तिथे सगळ्यात जास्त साचतं. तिला तीन मुळं आहेत आणि तिथला पू डोळ्याखाली येतो. अँटिबायोटिकनं फक्त सूज उतरते, मूळ सडतच राहतं. मी त्या गोळ्या दिल्या नसत्या, तर त्या जिवाचा त्रास दोन आठवडे आधी संपला असता.

भूल न देता दात घासून देणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे: ती फसवणूक आहे. जाग्या कुत्र्याच्या हिरडीखाली ना प्रोब जातो, ना स्केलर. आणि गुरू शोधाल तर असा शोधा, जो टेबलाशी उभा राहून तुमच्या हातून काम करून घेईल. नुसते व्हिडिओ पाहून दाढ निघत नाही.

ती दाढ काढायला मला अडीच तास लागले. मॅडम शेजारी होत्या. बरनं, म्हणजे ड्रिलच्या पात्यानं, तिचे तीन तुकडे केले, प्रत्येक मूळ वेगळं सैल केलं, शेवटी पुन्हा एक्स-रे काढून टोक आत राहिलं नाही ना ते पाहिलं. तुम्हालाही पहिल्यांदा एवढाच वेळ लागेल, घाबरू नका, हात बसतो. पण लहान कुत्र्याच्या खालच्या मोठ्या दाढेला एकट्यानं हात घालू नका, जबडा मोडतो. मांजराचं तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा गॅग कधीच वापरू नका, मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा दाबला जाऊन मांजर आंधळं होऊ शकतं. भुलेत जनावराची कूस बदलताना श्वासाची नळी आधी भुलेच्या मशीनपासून सोडवा.

आजींना मी सांगितलं की एक्स-रे पहिल्याच दिवशी काढायला हवा होता, चूक माझी. त्या रागावल्या नाहीत. दहा दिवसांनी टाके दाखवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता दोन्ही बाजूंनी चावते. मला वाटायचं, वय झालंय म्हणून एकाच बाजूनं खाते." तेव्हापासून पहिल्या भेटीत, ओठ वर करण्याआधीच, मी विचारतो: कोणत्या बाजूनं खाते?