इन्स्टंट कॉफी करताना या चुका टाळा: पहिली म्हणजे ती चहासारखी उकळू नका

रत्नागिरीत कोणाकडे गेलं आणि "चहा घेणार की कॉफी?" असं विचारलं गेलं, की माझी नजर आधी ओट्याकडे जाते. गॅसवर पातेलं, त्यात दूध-पाणी-साखर आणि शेजारी कॉफीची बरणी झाकण उघडून तयार, असं दिसलं की मी चहा सांगते. चहा त्या घरात उत्तमच होणार असतो. कॉफीचं काय होणार, तेही मला त्या पातेल्यावरून कळलेलं असतं.

आपण चहावाली माणसं आहोत. पूड दिसली की ती उकळायची, रंग येईपर्यंत थांबायचं आणि गाळायचं, हे हातात बसलेलं आहे. चहाला ते लागतंच, कारण पानातला अर्क आपल्याला आपल्या पातेल्यात काढायचा असतो. इन्स्टंट कॉफीत ते काम आधीच उरकलेलं असतं. कारखान्यात बिया भाजतात, दळतात, गरम पाण्यात त्यांचा अर्क काढतात, तो दाट करतात आणि मग गरम हवेत फवारून किंवा गोठवून कोरडा करतात. एक किलो इन्स्टंट कॉफीला साधारण २.६ किलो कच्च्या बिया लागतात असा हिशेब धरला जातो. ब्राझीलमध्ये कॉफीचं पीक इतकं झालं होतं की ठेवायचं कुठे हा प्रश्न पडला; त्यातून नेस्लेने हे काम हाती घेतलं आणि १९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे बाजारात आणली. म्हणजे बरणीत असते ती झालेली कॉफी. आपण ती फक्त विरघळवायची असते.

हे एवढं डोक्यात पक्कं बसलं तर खालच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

दुधात पूड घालून उकळणं

माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा चिपळूणला होता. साठेक माणसं, संध्याकाळची वेळ, बाहेर धो धो पाऊस. खाणं आचाऱ्याकडे, पण कॉफीचं सामान मी नेलं होतं, कारण मामाकडे सगळ्यांना माझ्या हातची कॉफी आवडते. सात लिटर दूध-पाणी मोठ्या टोपात चढवलं, शंभर ग्रॅमची बरणी बाजूला ठेवली आणि आचाऱ्यांना सांगितलं, "काका, दुधाला कढ आला की मला हाक मारा, बाकी मी बघते." आणि ओटी भरायला आत गेले.

वीस मिनिटांनी कॉफीचा घमघमाट हॉलभर सुटला. बायका म्हणाल्या, वा, काय वास आहे! माझ्या पोटात गोळा आला. वास हॉलभर पसरला याचा अर्थ तो कपात उरलेला नाही. धावत गेले तर काकांनी सगळी बरणी टोपात ओतून आच बारीक करून ठेवली होती. त्यांच्या मते त्यांनी माझं काम वाचवलं होतं. वर तपकिरी साय आली होती, कडेला काळपट वर्तुळ धरलं होतं आणि ओगराळं फिरवलं की खालून जळका वास वर येत होता. चव घेतली. आधी आंबूस, मग जिभेच्या मागे राहणारा कडवटपणा. काकांनी त्यात अर्धा किलो साखर वाढवली, त्याने ती गोड आणि कडू झाली. मोठ्या आत्याने एक घोट घेऊन कप खाली ठेवला आणि पदराने ओठ पुसले.

कॉफी तापत ठेवली की तिच्यातली काही द्रव्यं फुटून आंबट आणि तुरट होतात आणि सुवास वाफेबरोबर उडून जातो. एकदा हे झालं की परत फिरवता येत नाही. साखर, वेलची, वरून आणखी कॉफी, काहीही घाला. तो टोप तसाच राहिला.

मग समोरच्या डेअरीतून तीन लिटर दूध आणलं, पन्नास ग्रॅमचं पाकीट आणलं. दूध नुसतं साखर घालून उकळलं आणि गॅस बंद केला. स्टीलच्या तांब्यात पाव लिटर कोमट पाण्यात सगळी पूड ढवळून दाट घोळ केला. प्रत्येक कपात दोन चमचे घोळ, वर गरम दूध. पंचवीस कप झाले. आत्याने दोन घेतले.

तेव्हापासून माणसं चार असोत की चाळीस, मी पूड पातेल्यात घालत नाही. घोळ वेगळा, दूध वेगळं, कपात भेट. दुधाला कढ आला की गॅस बंद करायचा, बुडबुडे बसेपर्यंत मिनिटभर थांबायचं आणि मग ओतायचं. थर्मामीटर लागत नाही. हे मिनिट ज्यांच्याकडे नसतं, त्यांना मी चहाच करा असं सांगते.

थंड झालेली कॉफी परत गरम करणं हीदेखील हीच चूक आहे. गार झाली तर गारच प्या.

कोरड्या पुडीवर उकळतं पाणी

पूड कपाच्या तळाशी, वरून खदखदतं पाणी किंवा दूध. बाहेरचा थर लगेच चिकट होतो आणि आतली पूड कोरडीच राहते. मग घोटाबरोबर गुठळी तोंडात येते. आधी चमचाभर साधं पाणी घाला, पूड पूर्ण भिजून काळ्या मधासारखी होईपर्यंत चमच्याच्या पाठीने कपाच्या भिंतीला घोटा. दहा सेकंदांचं काम आहे. फरक पहिल्याच घोटाला कळतो.

उघडी बरणी वाफेवर धरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण ती मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहते. पातेल्यातून वाफ येतेय, त्यावर बरणी तिरकी धरलेली, आणि चमचा नाही म्हणून पूड सरळ बरणीतून झटकायची. किंवा चमचा असतो, पण तो आत्ताच साखर ढवळून काढलेला, ओला.

इन्स्टंट कॉफी पाण्यासाठी हपापलेली असते. कारखान्यातून निघताना तिच्यात जेमतेम तीन-चार टक्के ओलावा असतो आणि ती हवेतला ओलावा ओढत राहते. कोकणात जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की मीठ पाझरतं आणि पापड नुसते ठेवून मऊ होतात. त्या हवेत कॉफीची बरणी वाफेवर धरली की काय होणार?

एका वर्षी सवलतीत मिळाली म्हणून आमच्याकडे दोनशे ग्रॅमची मोठी बरणी आली. घरात कॉफी पिणारी दोनच माणसं. मेअखेर उघडली. आषाढात दाणे एकमेकांना धरू लागले, आम्ही चमच्याने टोकरत राहिलो. नागपंचमीला बरणी उलटी केली तरी कण पडेना. तळाला डांबरासारखा काळा चकचकीत थर होता, त्यात सुरीचं टोक रुतून बसलं. वास घेतला तर कॉफीचा नव्हे, जुन्या ओल्या लाकडाचा. निम्मी बरणी टाकून दिली. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात अन्न टाकलेलं नाही, पण त्यांनीच ती कचऱ्यात ठेवली.

आता पावसाळ्यात मी पन्नास ग्रॅमच्या वर काही आणत नाही. महाग पडतं, हे खरं. पण टाकण्यापेक्षा स्वस्तच. बरणी गॅसपासून लांब, वरच्या कप्प्यात नाही तर धान्याच्या कपाटात असते. आत प्लास्टिकचा छोटा कोरडा चमचा कायमचा ठेवलाय आणि तो दुसऱ्या कशाला लावायचा नाही ही घरातली सक्त ताकीद आहे. पाकीट असेल तर ते रबरबँड लावून ठेवत नाही, घट्ट झाकणाच्या लहान काचेच्या बरणीत लगेच ओतते. बरणीसुद्धा उन्हात किंवा तव्याच्या उबेवर कडकडीत वाळवलेली हवी.

फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढली की बरणीवर आणि आत दव धरतं आणि तीच गत होते.

पूड नुसती घट्ट झालीय, पण रंग आणि वास जागच्या जागी आहे? कोरड्या सुरीने तासून आठवड्याभरात संपवा. चिकट झाली असेल, बुरशी दिसली किंवा वास बदलला, तर मोह नको.

पाकिटावर काय लिहिलंय ते न वाचणं

"तुमच्यासारखीच केली, तरी तशी लागत नाही," असं मला सांगतात तेव्हा मी पाकीट मागवते. बऱ्याचदा ती कॉफी आणि चिकोरीचं मिश्रण असते. चिकोरी हे एक मूळ आहे, भाजून दळलेलं; गुजरात आणि उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. त्यात कॅफीन नसतं. रंग गडद येतो, चव जाड आणि थोडी जळक्या गुळासारखी. वाईट नाही, दुधात छान बसते. पण ती कॉफी म्हणून मोजू नका. नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापायला हवं. ७०:३० हे नेहमीचं प्रमाण आहे. नुसती कॉफी हवी असेल तर घटकांत चिकोरी नाही ना, एवढं बघा. काळी, बिनदुधाची पिणार असाल तर हे बघायलाच हवं.

याहून मोठा घोळ म्हणजे फिल्टर कॉफीची पूड इन्स्टंट समजून आणणं. ती दळलेल्या बियांची असते, कितीही ढवळली तरी विरघळत नाही. तळाला गाळ राहिला म्हणून दुकानदाराशी भांडू नका, तिला फिल्टर आणा.

"कडक" करायला चमचे वाढवणं

कडक हा चहाचा शब्द आहे. कॉफीला एका कपाला एक सपाट चमचा, म्हणजे दीड-दोन ग्रॅम. शिगोशीग दोन चमचे घातले की कडक होत नाही, कडू होते. पांचट लागत असेल तर दूध कमी करून पाणी वाढवून बघा. म्हशीचं सहा टक्के फॅटचं दूध कॉफीची चव झाकून टाकतं. त्यात मी निम्मं पाणी घालते. गायीचं किंवा टोन्ड असेल तर तिसरा हिस्सा.

फेटताना घाई

२०२० च्या टाळेबंदीत दालगोना या नावाने जगभर गाजली ती फेटलेली कॉफी आपल्याकडे कितीतरी घरांत आधीपासून होत होती. तिथे चूक एकच, पाणी जास्त. दोन चमचे कॉफी, दोन चमचे साखर आणि पाणी फक्त भिजण्यापुरतं, एक चमचा. ते पातळ झालं की कितीही फेटा, फेस धरत नाही. साखर वगळली तर फेस येतो, पण टिकत नाही. चार-पाच मिनिटांत काळसर रंग बिस्किटाच्या रंगावर येतो, चमचा जड व्हायला लागतो, तिथे थांबायचं. मिक्सरमध्ये फिरवतात ते मला पटत नाही. दोन चमचे पूड पात्यापर्यंत पोचतच नाही, भांड्याच्या भिंतीला चिकटून बसते आणि निम्मी धुण्यात जाते. हात दुखतो म्हणणाऱ्यांनी रोज साधी कॉफी प्यावी, फेटलेली रविवारी.

दूध फाटणं

दोष कॉफीवर येतो, असतो दुधाचा. कॉफी थोडी आम्ल असते. दूध ताजं असेल तर काही होत नाही. सकाळचं बाहेर राहिलेलं असेल तर चवीला ठीक लागूनही गरम कॉफीत फुटतं. शंका असेल तर वाटीभर दूध आधी वेगळं उकळून बघा. साखरेऐवजी गूळ घालणाऱ्यांनी गॅस बंद केल्यावरच घालावा.

गार कपात गरम कॉफी ओतू नका, आधी कप गरम पाण्याने विसळा. साय आवडत नसेल तर दूध गाळा, कॉफी नको.

जायफळाची पूड विकत आणणं

मराठी घरातली रात्रीची कॉफी जायफळाशिवाय होत नाही, आणि पुडीतलं जायफळ महिन्याभरात भुशासारखं होतं. अख्खं आणा. इथे मात्र उकळायला हरकत नाही, कारण जायफळाचा वास दुधात उतरावा लागतो. सहाणेवर चमचाभर दूध घेऊन पाच-सहा वळसे उगाळते आणि तेवढंच दुधात घालून एक उकळी काढते. दोन कपांना तेवढं पुरतं. जास्त झालं तर घशाशी तिखट लागतं. सहाण नसेल तर आल्याची बारीक किसणी चालते, दोनदा घासायचं, तिसऱ्यांदा नाही.