शाईला दोष देण्याआधी कागद बघा: घरच्या इंकजेटवर या चुका टाळा

प्रिंट फिकी आली, अक्षरं पसरली की बहुतेक जण आधी हेड क्लीनिंग (शाई फवारणारं हेड साफ करायचा प्रिंटरमधला पर्याय) मारतात. एकदा, दोनदा, पाचदा. क्लीनिंगमध्ये हेडमधली शाई ओढून आतल्या स्पंजमध्ये टाकली जाते. म्हणजे शाई गेली ती गेली, प्रिंट मात्र तशीच. त्याऐवजी नॉझल चेकचं, म्हणजे हेडची बारीक छिद्रं तपासणाऱ्या रेघांचं, एक पान काढा. रेघा अखंड असतील तर हेड ठीक आहे, घोळ कागदात किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे.

सगळ्यात महागात पडतो तो फोटो पेपर. दुकानात नुसतं ‘ग्लॉसी द्या’ म्हटलं तर लेझरचा कागदही हातात पडू शकतो. लेझर प्रिंटर टोनरची पूड उष्णतेने चिकटवतो, त्यामुळे त्या कागदाला शाई शोषायची गरजच नसते. इंकजेटची पातळ शाई त्यावर नुसती साचून राहते आणि तासाभराने बोट लावलं तरी फरफटते. पाकिटावर ‘इंकजेट’ छापलंय ना, ते वाचूनच पैसे द्या. (उलटा प्रयोगही नको: इंकजेटच्या फोटो पेपरचा शाई शोषणारा थर लेझरच्या उष्णतेने वितळून आत चिकटू शकतो.)

कागद बरोबर आणूनही फोटो बिघडतो, कारण तो पालथा घातलेला असतो. साध्या ग्लॉसी पेपरला थर एकाच बाजूला असतो. मॅट म्हणजे बिनचकाकीच्या कागदात नुसतं बघून ती बाजू कळत नाही. ओलसर बोट कोपऱ्याला टेकवा, किंचित चिकट लागेल ती छापायची. मागच्या ट्रेमध्ये ही बाजू सहसा आपल्याकडे तोंड करून राहते, खालच्या ट्रेमध्ये पालथी.

आणि मग सेटिंग. घरगुती प्रिंटरला आपण काय घातलंय ते सहसा कळत नाही. ‘पेपर टाइप’मध्ये जे सांगाल ते तो खरं मानतो. फोटो पेपर घालून ‘प्लेन’ ठेवलं तर शाईचं प्रमाण चुकतं. शिवाय बऱ्याच प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) आणि रंगीत शाई डायची (विरघळलेल्या रंगाची) असते. पिगमेंटचा काळा रंग ग्लॉसीवर मुरत नाही, वर बसतो आणि पुसला जातो. ‘ग्लॉसी’ निवडलं की असे प्रिंटर रंगीत शाया मिसळूनच काळा तयार करतात.

साइजही बघून घ्या. ॲपमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरचं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) बऱ्याचदा ‘लेटर’ निवडलेलं असतं. लेटर 216 बाय 279 मिलिमीटर, आपला ए4 210 बाय 297. मग मार्जिन सरकतं, कडेचा मजकूर कापला जातो, नाहीतर प्रिंटर साइज जुळत नाही म्हणून अडून बसतो.

रोजच्या कामाला 75 किंवा 80 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घ्या. 70 चा कागद एका बाजूच्या प्रिंटला चालतो. पाठपोट छापायचं तर शाई मागे दिसते, आणि गडद चित्र असेल तर कागद फुगून हेडला घासतो. कडेला काळे फराटे उठतात ते त्यामुळेच. जीएसएमची शंका आली तर स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा: ए4 म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग, त्यामुळे 80 जीएसएमची 500 पानांची रीम अडीच किलोच्या आसपास भरायला हवी.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, रीम उघडी ठेवू नका. दमट पानं एकमेकांना चिकटून दोन-दोन आत जातात, वाकतात, अक्षरांच्या कडा पसरतात. रीमचं वेष्टन दमटपणा रोखण्यासाठीच असतं. ते फाडून फेकू नका, लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये घाला आणि बाकीची त्यातच गुंडाळून आडवी ठेवा. घालण्याआधी गठ्ठा फुलवून घ्या. कडेच्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकू द्या; दाबल्या तर पान वाकतं, सैल सोडल्या तर तिरकं जातं.

तरीही पान अडकलंच, तर आधी प्रिंटर बंद करा आणि दोन्ही हातांनी, शक्यतो कागद पुढे सरकतो त्याच दिशेने हळू ओढा. बाहेर आलेलं पान सपाट करून चारही कोपरे मोजा. एखादा कोपरा कमी असेल तर तो आतच आहे, आणि तो काढेपर्यंत पुढचं प्रत्येक पान तिथेच अडेल.