औषधांचा खर्च कमी करायचा तर आधी यादीला हात घाला

औषधांचं बिल डोईजड झालं की माणूस आधी सूट देणारं दुकान शोधतो. दुकानातली सूट ठरलेलीच असते; नको असलेली गोळी बंद झाली तर मात्र तिचा सगळा पैसा वाचतो. म्हणून सुरुवात यादीपासून करायची.

घरात चालू असलेली सगळी औषधं टेबलावर काढा. मलम, थेंब, पंप, व्हिटॅमिनं आणि डोकेदुखीवर अधूनमधून घेतलेल्या गोळ्याही त्यातच आल्या. प्रत्येकासमोर मूळ घटकाचं नाव, एमजी, दिवसातून किती वेळा, कशासाठी, कोणी आणि कधी सुरू केलं ते लिहा. ब्रँडचं नाव कंसात गेलं तरी चालेल. घटकाचं नाव पाकिटावर बारीक अक्षरात असतं, ते महत्त्वाचं. यादी झाली की बऱ्याचदा एकच घटक दोन नावांनी सापडतो. पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळीत असतं, अंगदुखीच्या गोळीतही असतं. तिथे पैशापेक्षा यकृताची काळजी जास्त, कारण धडधाकट प्रौढासाठीही दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे.

आता 'कशासाठी' हा रकाना नीट वाचा. एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरं औषध सुरू झालंय का, हे शोधायचं. रक्तदाबासाठी दिलेल्या अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात आणि सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. या सुजेवर ती फारशी चालतही नाही. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर रोज घेतल्याने रक्तदाब चढतो आणि रक्तदाबाची गोळी वाढते. अशी साखळी सापडली तर मागची गोळी बदलून पुढची वाचते. दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे पित्ताची गोळी. पेनकिलरसोबत दोन आठवड्यांसाठी दिलेली ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल पेनकिलर थांबल्यावरही वर्षानुवर्षं चालू राहते. दीर्घकाळ घेऊन एकदम बंद केली की काही आठवडे आम्ल उसळतं, आणि माणूस समजतो की गोळीशिवाय भागतच नाही. ती डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते. पण ज्याला रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत किंवा पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालाय, त्याची गोळी संरक्षणासाठीच असते. तिला हात लावू नका.

काही औषधं खर्चाच्या कारणाने स्वतःहून कधीच थांबवायची नाहीत: फिट्सची औषधं, इन्सुलिन, बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड, हृदयाची बीटा-ब्लॉकर, स्टेंटनंतरचं क्लोपिडोग्रेल, दम्याचा रोजचा प्रतिबंधक पंप. यातलं एखादं परवडत नसेल तर तेच पहिल्या वाक्यात डॉक्टरांना सांगा. एक दिवसाआड गोळी घेऊन भागवणारे पुष्कळ असतात. मग डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही, आणि ते अजून एक लिहून देतात.

डॉक्टरांकडे 'स्वस्तातलं द्या' एवढंच म्हणून फार काही मिळत नाही. नेमकं विचारा. ही गोळी बंद केली तर काय होईल? याच गटातलं जुनं औषध चालेल का? चिठ्ठीवर ब्रँडऐवजी घटकाचं नाव लिहाल का? दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त पैसे वाचवतो. पेटंट साधारणपणे अर्ज केल्यापासून २० वर्षं चालतं. ते संपत आलं की त्याच औषधाचं थोडं बदललेलं रूप नव्या नावाने येतं. ओमेप्राझोल हे दोन आरशातल्या प्रतिमांसारख्या रेणूंचं मिश्रण. त्यातला एकच वेगळा काढला की एसोमेप्राझोल. सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन यांचंही तसंच. फरक असतो, पण तो किमतीतल्या फरकाइतका क्वचितच असतो.

जेनेरिकबद्दल, म्हणजे मूळ ब्रँडचाच घटक असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या औषधाबद्दल, एक गैरसमज हटता हटत नाही. रक्तात किती औषध पोचतं याचं मूळ ब्रँडशी गुणोत्तर काढतात आणि त्याची ९० टक्के विश्वास-मर्यादा (म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंचा अंदाजाचा पट्टा) पूर्णपणे ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावी लागते. यावरून 'वीस टक्के औषध कमी असलं तरी पास होतं' असं सांगितलं जातं. ते खरं नाही. सरासरीच वीस टक्के कमी असेल तर मर्यादेचं खालचं टोक ८० च्या खाली जातं आणि औषध नापास होतं. तरीही वॉरफरिन, लेव्होथायरॉक्सिन, फेनिटॉइन, लिथियम, टॅक्रोलिमस यांच्यात मात्रेचा थोडासा फरकही जाणवतो. ही औषधं एका कंपनीची धरली की तीच ठेवा. बदलावी लागली तर डॉक्टरांना कळवून रक्ततपासणी करून घ्या. दर महिन्याला जे स्वस्त मिळेल ते, हा प्रकार इथे नको.

गोळी अर्धी करण्याचा हिशेब सोपा आहे. काही औषधांत ४० एमजी आणि ८० एमजीच्या गोळीची किंमत जवळपास सारखी असते, मग ८० ची अर्धी घेतली की खर्च निम्म्यावर येतो. पण चिठ्ठीवर 'अर्धी' असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर घरातला दुसरा कोणी पूर्ण गोळी देतो. मधोमध खाच असलेली गोळी निवडा, ब्लेड असलेली कापणी वापरा, आणि सगळी स्ट्रिप एकदम कापून ठेवू नका. हवा आणि ओलावा लागून तुकडे खराब होतात. कॅप्सूल, आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेली गोळी, मेथोट्रेक्सेट, अ‍ॅलेन्ड्रोनेट कापायचं नाही. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल असेल तर केमिस्टला विचारल्याशिवाय नाही, कारण दिवसभर झिरपणारं औषध एकदम अंगात उतरू शकतं. मेटोप्रोलॉल सक्सिनेटसारखा अपवाद आहे. ती खाचेवर अर्धी करता येते, चघळता मात्र येत नाही.

तीन महिन्यांचा साठा घेतला तर पुष्कळदा दर कमी पडतो, पण तो मात्रा स्थिर झालेल्या औषधाचाच घ्या. नवीन औषध आधी एक-दोन आठवड्यांपुरतंच. पुरळ उठलं किंवा डोस बदलला की उरलेलं पाकीट वायाच जातं.

इन्सुलिनमध्ये मापाचा घोळ होतो. १०० युनिट प्रति मिलि लिहिलेल्या १० मिलिच्या कुपीत १,००० युनिट असतात, आणि उघडल्यावर बहुतेक प्रकार २८ दिवसांनी टाकावे लागतात. दिवसाला ८ युनिट लागत असतील तर २८ दिवसांत २२४ वापरली जातात, ७७६ कचऱ्यात. त्याऐवजी ३ मिलिच्या पेनात ३०० युनिट असतात. रोज सुई तपासायला २ युनिट सोडली तरी २८० लागतात, म्हणजे जवळजवळ सगळं कामी येतं. दर युनिटमागे पेन महाग दिसतं, आणि माणूस तिथेच फसतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवा. एकदा गोठलं की ते फेकायचं.

तपासण्यांनाही वेळ असते. एचबीएवनसी ही मधुमेहाची रक्ततपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची साखर दाखवते, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. दर महिन्याला ती करून बहुधा नवं काही कळत नाही. थायरॉइडचा डोस बदलल्यावर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करावी, आधी केली तर आकडा अर्धवट येतो आणि डोस उगाच हलतो. जुने अहवाल तारखेनुसार लावून सोबत न्या.

रुग्णालयाच्या बिलाचं बाबवार विवरण घरी जाण्याआधीच मागा. एकरकमी आकड्यात चूक सापडत नाही. खोलीचे दिवस मोजा आणि घरी सोडल्याचा दिवस पूर्ण धरलाय का ते बघा. मागवलेली पण न वापरलेली औषधं परत गेल्याची वजाबाकी शोधा. एकाच तारखेला तीच तपासणी दोनदा लागली असेल तर दोन्हींचे अहवाल मागा. शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये धरलेले हातमोजे, धागे, भूल हे पुन्हा सुट्या ओळींत आलेत का, हे पॅकेजचा कागद बाजूला ठेवून ताडून पाहा. शंका असलेल्या ओळींवर खूण करून लेखी द्या आणि दुरुस्त बिल हातात आल्यावरच विम्याचा दावा भरा. आधी भरलेला दावा मागे घेऊन बदलणं फार जिकिरीचं असतं.