गावातलं बुजलेलं गोल्फ मैदान शोधायचं कसं: इंदूर-महू परिसर

'इथे पूर्वी साहेबलोक गोल्फ खेळायचे' असं एखाद्या गावात कानावर आलं, तरी लगेच शेतात उतरू नका. आधी दप्तर.

महूची छावणी १८१८ची, इंदुरात रेसिडेन्सी, म्हणजे ब्रिटिश प्रतिनिधीचं ठाणं, आणि भोवती होळकरांचा मुलूख. त्यामुळे जमीन कोणाच्या ताब्यात होती, हे आधी ठरवा. छावणीची असेल तर जनरल लँड रजिस्टर मागा. रेसिडेन्सीची असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची 'अभिलेख पटल'वर घरबसल्या चाळता येते. दरबारच्या जुन्या कागदांना मोडी वाचणारा माणूस लागतो. सूचीत नुसतं 'गोल्फ' शोधून थांबू नका. जिमखाना, रेसकोर्स, रिक्रिएशन ग्राउंड हेही बघा. रेसकोर्सच्या मधल्या मोकळ्या जागेत गोल्फ खेळायची पद्धत अनेक ठिकाणी होती.

इंचाला मैल प्रमाणाच्या जुन्या सर्व्हे नकाशावर फार विसंबू नका. चारशे यार्डांचा पट्टा त्यावर जेमतेम ६ मिमी भरतो. पटवाऱ्याचा नकाशा १ : ४००० असेल तर तोच पट्टा ९ सेंमी दिसतो. आजूबाजूला शेतांचे बारीक तुकडे आणि मध्येच एक मोठा, न फुटलेला खसरा क्रमांक (शेताचा सर्व्हे नंबर), त्यावर 'चरनोई' (गुरचरण) किंवा शासकीय अशी नोंद: तिथे बोट ठेवा.

प्रत्यक्ष पाहणी गहू पिकायला लागला की करा, फेब्रुवारी-मार्चमध्ये. कोरड्या मुलखात उन्हाळाभर हिरवळ टिकवणं अवघड, म्हणून भोकाभोवतीच्या 'ग्रीन'ऐवजी 'ब्राउन' करत: चोपलेली घट्ट जमीन आणि वर तेल मिसळलेली रेती. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्यात नांगर फिरला की टीचे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेचे, उंचवटे सपाट होतात. खाली मुरूम घातला असेल तर तो मात्र राहतो. त्यावर मुळं खोल जात नाहीत, ओल टिकत नाही, म्हणून गहू खुजा राहतो आणि आधी पिवळा पडतो. बांधावरून पाहिलं तर गोल, फिकट डाग दिसतो.

इथेच बहुतेकजण फसतात, कारण जुनं खळंही गोल आणि घट्टच असतं. दोन्हींत फरक असा: खळं एकटं असतं आणि त्यात बाहेरची रेती नसते. ब्राउनची मात्र साखळी लागते. शंभर ते चारशे-पाचशे मीटरवर पुढचा डाग सापडायला हवा. दोन डाग जुळले तरी निकाल देऊ नका; चार-पाच जुळले तर खात्री धरा. मातीचा उंच, एका बाजूने उभा बांध दिसला तर ती चांदमारी, म्हणजे गोळीबाराच्या सरावाची जागा, असू शकते. तिथे, आणि लष्कराच्या कोणत्याही जमिनीवर, परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

म्हाताऱ्या माणसांना 'इथे गोल्फ होतं का?' असं विचारू नका, भिडेखातर 'हो' म्हणतील. शेताचं नाव विचारा, पिशवी कोण उचलायचं, चेंडू कोण शोधून आणायचं ते विचारा.

नांगराच्या तासात गंजलेला डबा लागला तर तो भोकात बसवलेला असू शकतो; त्याचा बाहेरचा व्यास मोजा. गोल्फच्या भोकाचं माप सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिमी. माप जुळलं तर शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, जीपीएस आणि खसरा क्रमांक लिहा, आणि शेतमालकाला विचारल्याशिवाय डबा हलवू नका. एकदा उचलून घरी आणला की तो नुसता गंजका डबा उरतो.