लेगाझ्पी आणि फिलिपिन्स : पाठ कसा शिकवावा

खानदेशातील वर्गात हा पाठ घेताना प्रथम फळ्यावर कालरेषा आखावी आणि १५६५ या वर्षाखाली ‘आपल्याकडे फारुकी सुलतानांची सत्ता’ अशी नोंद करावी. त्यामुळे तो काळ मुलांच्या ओळखीचा होतो. नंतर नकाशावर मेक्सिकोपासून फिलिपिन्समधील सेबू बेटापर्यंत दोरा ताणून, १५६४ मध्ये निघालेला स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख मिगेल लोपेझ दे लेगाझ्पी पुढील वर्षी तेथे पोहोचला आणि १५७१ मध्ये त्याने मनिला येथे राजधानी वसवली, हे दाखवावे. परतीच्या मार्गाला मात्र अधिक वेळ द्यावा : याच मोहिमेतील धर्मगुरू व नाविक उर्दानेताने उत्तरेकडे वळून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे पश्चिमी वारे गाठले, म्हणूनच ही वसाहत मेक्सिकोशी जोडलेली राहिली. लेगाझ्पीला ‘शोधक’ म्हणणे मला अपुरे वाटते. मॅगेलन १५२१ मध्येच तेथे पोहोचला होता, आणि स्थानिक लोक तर त्याच्याही कितीतरी आधीपासून राहत होते.