काळ्या मातीतला रानपट्टा: इंदूरच्या कॉलनीतली मोकळी जागा पुन्हा जिवंत करण्यासाठी

इंदूरच्या बहुतेक कॉलन्यांत बगीच्यासाठी राखलेला एखादा तुकडा असतो. कधीकाळी तिथे हरळीचे लॉन लावलेले असते. पाण्याअभावी ते वाळते, मग पावसाळ्यात गाजरगवत आणि उन्हाळ्यात धूळ एवढेच उरते. अशा जागेवर माळव्याच्या मातीतली झाडे, झुडपे आणि गवत परत कसे आणायचे ते पुढे सांगितले आहे. सगळी मापे १० मीटर × १० मीटर जागेसाठी दिली आहेत.

सुरुवातीलाच एक आग्रह: जागा झाडांनी गच्च भरू नका. चौरस मीटरला तीन-चार रोपे लावण्याची मियावाकी पद्धत आता सगळ्यांना ठाऊक आहे, पण माळवा म्हणजे घनदाट जंगल नाही. वर्षाला साधारण ९५० मिमी पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि खाली बेसॉल्टवर बसलेली काळी चिकण माती. इथले मूळचे रान म्हणजे गवत, त्यात झुडपांचे पुंजके आणि अधूनमधून झाड. दाट लागवडीत सावली पडली की गवत मरते, आणि गवताबरोबर त्यावर जगणारी फुलपाखरे, टोळ आणि मुनियाही जातात. म्हणून १०० चौरस मीटरमध्ये ५५ गवताला, ३५ झुडपे आणि तीन झाडांना, उरलेले १० वाटेला आणि उघड्या मातीला अशी वाटणी ठेवा.

जागा निगमची आहे की रहवासी संघाच्या ताब्यातली, हे आधी कागदावर पाहून लेखी परवानगी घ्या. पाण्याची, ड्रेनेजची आणि विजेची लाइन कुठून जाते ते विचारून चुन्याने आखून ठेवा. तारांखाली झाड नको.

माती ओळखणे

३० सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरा. पाणी जिरले की पुन्हा भरा आणि या वेळी पट्टीने मोजा. तासाला एक सेंटीमीटरही पाणी उतरत नसेल तर तिथे खड्ड्यात रोप लावणे म्हणजे त्याला घागरीत बुडवणे आहे. खोदताना विटांचे तुकडे, सिमेंट किंवा मुरूम लागला तर बिल्डरने भर टाकली आहे असे समजा. मुरमाचे वाईट वाटून घेऊ नका, तरवड आणि बोर मुरमात उत्तम येतात. सिमेंटचा मलबा मात्र उचलाच.

काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्याशी जुळवून घेण्याचे सगळे तंत्र या एका गोष्टीत आहे. भिजलेली असताना तिच्यावर चालले किंवा ती खणली तर ती दाबली जाऊन वाळल्यावर ढेकळे होतात. मे महिन्यात ती कुदळीलाही दाद देत नाही. काम करायचे ते वाफशावर: मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, आणि बोटाने टोचला तर फुटावा.

हरळी आणि नको असलेले काढणे

हरळी नुसती उपटून जात नाही, जमिनीतला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. एप्रिलमध्ये जागा सपाट करून चांगली भिजवा आणि २५ ते ५० मायक्रॉनचे पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटेल असे अंथरा. कडा १५ सेंटीमीटर खोल चरात गाडा. इंदूरच्या उन्हात पाच-सहा आठवडे पुरतात. काळे प्लास्टिक चालत नाही: ते स्वतः तापते आणि ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही. कुठे फाटले तर त्याच दिवशी टेपने चिकटवा, नाहीतर तेवढ्या जागेतून हरळी परत येते. उष्णता वरच्या थरातच काम करते, त्यामुळे खोलवरची मुळे पहिल्या पावसात डोके वर काढतील, ती हाताने काढावी लागतील.

गाजरगवत फुलायच्या आधी मुळासकट उपटा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच, कारण अनेकांच्या कातडीला आणि श्वासाला ते बाधते. घाणेरीचे खोड वरून छाटले तर ती दुप्पट फुटते. खोडाच्या बुडाशी माती उकरून मुख्य मूळ जमिनीखाली ८-१० सेंटीमीटरवर तोडा आणि ठोंब उलटा करून वाळत टाका. सुबाभळीची रोपे बोटभर असतानाच ओल्या मातीतून ओढून काढा. दोन महिने थांबलात तर कुदळ लागेल.

काय लावायचे

तीन झाडे: बहावा, आपटा आणि बेल. पळस हवा असेल तर रोप आणू नका, त्याचे सोटमूळ हलवलेले सोसत नाही. मे-जूनमध्ये पडलेली ताजी पळसपापडी (पळसाचे बी) पाऊस सुरू होताच जागेवरच टोचा. वड, पिंपळ, उंबर ही मोठी माणसे आहेत, १०० चौरस मीटरमध्ये त्यांना बोलावू नये. लहान झाडही घराच्या भिंतीपासून पाच-सहा मीटर लांब ठेवा. झाड मुळाशेजारची ओल ओढते तेव्हा काळी माती आकसते, आणि तिच्यावर उभा असलेला उथळ पाया तडकू शकतो.

झुडपे २४, एकमेकांपासून १.२ मीटरवर: तरवड ५, निर्गुडी ४, धायटी ४, मुरुडशेंग ४, अडुळसा ४, रुई १, आणि कुंपणाकडे करवंद २. ही निवड फुलांच्या वेळा पाहून केली आहे. धायटीची लाल फुले फेब्रुवारीपासून, करवंद त्यामागून, बहावा एप्रिल-मेमध्ये, मुरुडशेंग पावसाळ्यात. तरवड जवळजवळ वर्षभर पिवळी राहते. शिंजिराला (फुलांतला मध पिणारा छोटा पक्षी) आणि मधमाश्यांना रिकामा महिना सापडू नये हा हेतू. रुईवर ठिपकेवाल्या केशरी फुलपाखराच्या अळ्या येतील आणि पाने फस्त करतील. त्यासाठीच ती लावली आहे, फवारणी करू नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून ती मुलांच्या वाटेपासून लांबच्या कोपऱ्यात.

नर्सरीत मराठी नावे चालत नाहीत. बहावा म्हणजे अमलतास, रुई म्हणजे आक, धायटी म्हणजे धवई, मुरुडशेंग म्हणजे मरोडफली, अडुळसा म्हणजे अडूसा, करवंद म्हणजे करौंदा. आपट्यासाठी ‘बॉहिनिया रेसिमोसा’ असे कागदावर लिहून न्या, नाहीतर जांभळ्या फुलांचा कांचन हाती पडतो. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद असते. कोनोकार्पस हे परदेशी झाड कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. गुलमोहर सुंदर आहे, पण तो मादागास्करचा.

रोप दीड-दोन फुटांचे, साधारण वर्षाचे घ्या. चार-पाच फुटी रोप पिशवीत जुने झालेले असते आणि तळाशी त्याच्या मुळांचे वेटोळे बसलेले असते. असे रोप दोन वर्षे ठीक दिसते, मग वादळात बुडापासून कलंडते.

आता गवत. मारवेल आणि पवन्या ही मुख्य. कुसळी वाटेपासून दूर लावा, तिची कुसळे कपड्यांत आणि कुत्र्यांच्या केसांत रुततात. बी सगळे उगवत नाही, लहान जागेला ठोंबच बरे. शेतकऱ्याला विचारून बांधावरचे ३५-४० मोठे ठोंब आणा. एकातून १५-२० तुकडे निघतात आणि ५५ चौरस मीटरला ३० सेंटीमीटरवर सुमारे ६०० लागतात. प्रत्येक तुकड्याला मुळासकट तीन-चार फुटवे हवेत, वरची पात १५ सेंटीमीटरवर कापावी. ठोंब आणल्या दिवशीच लावा, रात्रभर ठेवायचे झाल्यास ओल्या गोणपाटात.

लागवड

दोन चांगले पाऊस झाले आणि माती वाफशावर आली की लागवड करा. इंदुरात हा काळ बहुधा जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत असतो. ऑगस्टअखेर लावलेल्या रोपाला थंडीपूर्वी मूळ धरायला वेळच मिळत नाही.

खड्डा ३० सेंटीमीटरचा पुरे. मोठा खड्डा करून त्यात भुसभुशीत मिश्रण भरण्याची सवय काळ्या मातीत घात करते: आजूबाजूचे पाणी त्या खड्ड्यात येऊन साठते आणि मुळे कुजतात. फावड्याने खड्ड्याच्या भिंती गिलावा केल्यासारख्या गुळगुळीत होतात, त्या खुरप्याने ओरबाडा, नाहीतर मूळ भिंतीला लागून गोल फिरते. वाळू मिसळू नका. थोड्या वाळूने चिकण माती मोकळी होत नाही, उलट घट्ट बसते. निघालेली तीच माती, तिच्यात चौथा हिस्सा पूर्ण कुजलेले खत. ताज्या शेणातून हुमणी (मुळे खाणारी अळी) येते.

रोप जमिनीच्या पातळीवर बसवू नका. मातीचा १५ सेंटीमीटर उंच आणि ६०-७५ सेंटीमीटर रुंद उंचवटा करा आणि रोप त्यावर असे लावा की पिशवीतल्या मातीची वरची पातळी उघडी दिसेल. इंदुरात लागवड फसते ती बहुधा याच पायरीवर. ऑगस्टच्या झडीत सपाटीवरची रोपे पिवळी पडतात, लोकांना वाटते खत कमी पडले, आणि वर आणखी युरिया टाकला जातो. खरे तर मुळांना हवा मिळत नसते. पिवळ्या रोपाभोवती पाणी उभे असेल तर उताराकडे चर काढून द्या, बाकी काही देऊ नका.

छपराचे पाणी पट्ट्याकडे वळवायचे असेल तर चर २० सेंटीमीटरपेक्षा खोल नको आणि त्याचे जादा पाणी पावसाळी नाल्याला जोडलेले हवे. दोन दिवसांत पाणी उतरले नाही तर चर उथळ करा. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात.

पाला: इथे इंदूरची सवय आडवी येते

स्वच्छतेत पहिले येणे या शहराने मनापासून कमावले आहे, पण त्यातून वाळलेले पान म्हणजे कचरा अशी नजरही तयार झाली. रानपट्ट्यात पान हेच अंथरूण आहे. झुडपांखाली १० सेंटीमीटर पाल्याचा थर राहिला तर माती भेगाळत नाही. भेगा पडल्या की बारीक मुळे अक्षरशः तुटतात, आणि थंडीनंतर रोपे मरण्याचे ते मोठे कारण आहे. ३५ चौरस मीटरला ६०-७० पोती पाला लागतो. फेब्रुवारी ते एप्रिल कडुनिंब आणि शिरीष झडतात तेव्हाच तो गोळा करून ठेवा. प्लास्टिक वेचून काढा. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो आणि वाळवी सालीपर्यंत पोचते.

सफाई मित्रांशी आणि दरोग्याशी (त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या निगमच्या माणसाशी) स्वतः जाऊन बोला, निरोपावर ठेवू नका. कोणता भाग झाडायचा आणि कोणता नाही हे जागेवर दाखवा. रस्त्याकडेची एक मीटर पट्टी नेहमी कापलेली ठेवा, तिला विटांची सरळ कड द्या, आणि हिंदी-मराठीत पाटी लावा. कड नीटनेटकी असली की आतले रान मुद्दाम ठेवलेले आहे हे शेजाऱ्यांना कळते आणि तक्रारी थांबतात. हीच कापलेली पट्टी दिवाळीच्या फटाक्यांत आणि उन्हाळ्यात आग आत जाऊ देत नाही.

सापांची भीती खरी मानून चाला. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर अन्नामागे, म्हणून पट्ट्यात स्वयंपाकघरातला ओला कचरा कधीही नको. वाट एक मीटर रुंद आणि मोकळी. वाळक्या ओंडक्यांचा ढीग भुंग्यांसाठी ठेवाच, पण घरांपासून सर्वात लांबच्या कोपऱ्यात. एक चौरस मीटर माती पूर्ण उघडी सोडा, एकट्याने राहणाऱ्या कित्येक मधमाश्या जमिनीत बिळे करतात.

पाणी आणि पुढची तीन वर्षे

पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर आठ दिवसांनी, मार्चपासून पावसापर्यंत दर चार-पाच दिवसांनी प्रत्येक रोपाला १० लिटर. २७ रोपांना एका वेळी २७० लिटर लागतात. चार घरांनी वाटून घेतले तर कोणालाच जड नाही. रोज मगभर पाणी घातले तर मुळे वरच राहतात. गवताला ऑक्टोबरनंतर पाणी नाही, ते वाळू द्या. दुसऱ्या वर्षी पाळ्यांमधले अंतर दुप्पट करा, तिसऱ्या वर्षी फक्त मे महिन्यात द्या. इंदूरच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून घाट चढवून आणलेले असते, ते लॉनवर ओतण्यापेक्षा हे बरे.

आरओचे वाया जाणारे आणि कपडे धुतलेले पाणी मात्र घालू नका. त्यातल्या क्षारांनी, विशेषतः सोडियमने, काळ्या मातीची रचना मोडते. वर कडक पापुद्रा येतो आणि पाणी आत जाणेच थांबते.

गवत वर्षातून एकदा कापा, बी गळून गेल्यावर, जानेवारीअखेर, १०-१५ सेंटीमीटर ठेवून. एका वर्षी अर्धा भाग, पुढच्या वर्षी उरलेला. सगळे एकदम कापले तर काड्यांवर चिकटलेले कोष आणि अंडी त्याबरोबर जातात.

दसऱ्याला आपट्याचे झाड उघडे पडते. पहिली चार वर्षे त्याचे एकही पान तोडू नये असे कॉलनीच्या बैठकीतच ठरवा आणि सणाच्या आदल्या संध्याकाळपासून कोणीतरी लक्ष ठेवा, कारण लोक पानाऐवजी फांदी मोडतात.

जूनमध्ये जगलेली रोपे मोजा. मेलेल्या जागी तीच जात पुन्हा लावण्याआधी माती उकरून मूळ पाहा: काळे आणि मऊ असेल तर पाणी साचले, कोरडे आणि तुटलेले असेल तर पाला कमी पडला. पहिल्या कारणासाठी उंचवटा वाढवून निर्गुडी लावा, दुसऱ्यासाठी तरवड.